टॉवरपासून बासष्ट पावले

आमच्या ओट्यापासून समोरच्या टॉवरपर्यंत बासष्ट पावले आहेत. माझी बासष्ट, मुलीची तेव्हा ब्याऐंशी भरत. मोजायची मला सवय आहे, कारण माझे कामच ते आहे. मी धान खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. शेतकऱ्याने आणलेल्या पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने काढायचे, आर्द्रता मापकात घालायचे, तिन्ही आकडे मांडायचे आणि सरासरी काढायची. सतरा टक्क्यांच्या वर गेले तर धान वाळवायला परत. एवढ्या वर्षांत मी एका आकड्यावर कुणाचे धान घेतले नाही आणि एका आकड्यावर परतही पाठवले नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी आर्द्रता आधीच माहीत असलेल्या धानावर मापक तपासल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही.

असा मी माणूस, आणि माझ्याच लेकीच्या बाबतीत एका परक्याच्या हातातल्या यंत्राच्या एका आकड्यावर सहा महिने बसून राहिलो. त्याचा राग अजून आहे. लिहून तो उतरेल असे मला वाटत नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या गावात बसस्टँडजवळ एक एसटीडी बूथ होता आणि लोक तिथे रांग लावत. पुढे घराघरात मोबाइल आले, पण रेंज नव्हती. कोरोनात शाळा फोनवर आली तेव्हा मुलगी तिसरीत होती. तिला फोन घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसावे लागे. गावातल्या पालकांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, की मुलांचे शिक्षण बुडते आहे, गावात टॉवर आणा. त्या अर्जावर सहावी सही माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही जे केले त्यात या अर्जाची आठवण कुणीच काढली नाही. मीही नाही.

टॉवर आला तो मुलगी पाचवीत गेली त्या जूनमध्ये. जागा दिली समोरच्या काकांनी, आपल्या परसात. काका म्हणजे नात्याचे कुणी नव्हेत. सिंचन विभागातून निवृत्त झालेले शेजारी. मुलीच्या जन्माच्या वेळी माझ्या बायकोला आपल्या गाडीत घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेणारे तेच. ग्रामपंचायतीने टॉवरला परवानगी दिली ती ग्रामसभेत न विचारता. त्याबद्दल मी तेव्हाही बोललो आणि आजही बोलतो. आपल्या मुलांच्या डोक्यावर काय उभे राहते ते विचारण्याचा हक्क आईबापांना आहे.

जुलैत मुलीचे डोके दुखायला लागले. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि कपाळ धरून बसायची.

बायको म्हणाली, "मोबाईल तं आता आपण देतच नाई तिले. मंग काहून दुखते? टावर चालू झाल्यापासूनच दुखून राहिलं."

महिना तोच होता. दोन गोष्टी एका महिन्यात झाल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे केंद्रावर कुणी मला सांगितले असते तर मी त्याला हसलो असतो. घरी हसलो नाही. शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, दुखायला लागल्याची वेळ, किती वेळ दुखले, त्या दिवशी फोन किती मिनिटे पाहिला, घरात कुठे बसली होती. ऑगस्टपर्यंत एकवीस नोंदी झाल्या. रकाने पाच होते आणि त्यात अभ्यासाचा एकही नव्हता. तिने किती वेळ वाचले, कोणत्या उजेडात वाचले, हे लिहावे असे मला सुचले नाही.

ऑगस्टमध्ये शाळेत पालकसभा झाली. मुख्याध्यापकांनी नागपूरच्या एका माणसाला बोलावले होते. पांढरा शर्ट, हातात काळी पेटी.

"मी विकायले नाई आलो," तो म्हणाला, "जागृती करायले आलो."

पेटीतून त्याने एक यंत्र काढले. टॉर्चएवढे, वर लाल-हिरवे दिवे. पहिल्या रांगेतल्या एका मुलीला पुढे बोलावून तिच्या कानाजवळ फोन धरला, फोन लावला आणि यंत्र तिच्या डोक्याजवळ नेले. यंत्र किंचाळले, सगळे दिवे लाल झाले. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. मग त्याने खिशातून रुपयाएवढी पितळी रंगाची चकती काढली, फोनच्या पाठीला चिकटवली आणि पुन्हा यंत्र धरले. दोनच दिवे, हिरवे. आम्ही टाळ्या वाजवल्या.

ती मुलगी माझी होती. ती नेहमी पहिल्या रांगेत बसायची. हुशार म्हणून बसते असे आम्ही समजत होतो.

मी जागेवरून उठून एकच प्रश्न विचारला, "टावरचं काय?"

तो म्हणाला, "भाऊ, टावर तं याच्या बापाचा बाप आहे."

लोक हसले. मी हसलो नाही, घाबरलो. घाबरलेल्या माणसाला आकडा दाखवला की तो त्याला देव मानतो. सभेनंतर मी चार चकत्या घेतल्या: दोन फोनला, एक टीव्हीला आणि एक मुलीच्या दप्तराला. दप्तरातून कोणत्या लहरी निघतात, हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

त्या संध्याकाळी मी मुलीची खाट पुढच्या खोलीतून मागे हलवली. मागची खोली म्हणजे धानाच्या कोठ्यांची. तिच्या एकुलत्या खिडकीतून टॉवरचे टोक दिसायचे, म्हणून खिडकीवर पत्रा ठोकला. एका बाजूला सात खिळे, दुसऱ्या बाजूला सात.

"बाबा, इथं अंधार आहे," मुलगी म्हणाली.

"अंधारानं डोकं नाई दुखत."

हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे. त्या खोलीत चाळीसच्या बल्बखाली ती पुढचे सहा महिने अभ्यास करत होती.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे पळसाच्या फांद्या घेऊन गावभर फिरतात आणि रोगराई, ढेकूण, डास यांना मारबतीच्या, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, हवाली करून शिवेबाहेर टाकून येतात. फांद्याही शिवेबाहेरच फेकायच्या. आपल्या घरची पीडा दुसऱ्याच्या दारात टाकायची नाही, हा त्यातला नियम लहान पोरांनाही ठाऊक असतो. त्या वर्षी पोरांनी नवी ओळ जोडली.

"खासी खोकला घेऊन जा गे मारबत. टावरची बिमारी घेऊन जा गे मारबत."

काका फाटकात चहाचा गिलास घेऊन उभे होते. म्हणाले, "घेऊन जातं तं जा बाबा, पण रेंज ठेवून जा. मायी लेक पुण्याले आहे."

एरवी सगळे खदखदून हसले असते. कुणी हसले नाही. मी हातातली पळसाची फांदी त्यांच्या फाटकावर फेकली. ती खालच्या सळईत अडकून तशीच लोंबत राहिली. काकांनी चहा संपवला, गिलासातला गाळ बाजूला फेकला आणि आत गेले. ती फांदी त्यांनी काढली नाही. वाळून पाने गळाली तरी फाटकावर होती. येता-जाता मला दिसायची, आणि बरे झाले असे वाटायचे.

सप्टेंबरच्या शेवटी बौद्ध विहारात बैठक झाली. गावातल्या दोन्ही वस्त्यांचे लोक एका सतरंजीवर बसले होते, आणि याचे तेव्हा फार कौतुक झाले. एक दिवस शाळा बंद ठेवून तहसीलदारांना निवेदन द्यायचे ठरले. दिवस कोणता, यावर अर्धा तास गेला. तेव्हा मी बोललो.

"शुक्रवारी ठेवा. शुक्रवारी आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येऊन राहिलं, सरांचा मेसेज आहे. सरकारी गाडी येईन अन् शाळा खाली दिसन. मंग कागद वर जाईन."

"बराबर आहे," सगळे म्हणाले. "हिसाबी माणूस आहे, हिसाबानं बोलते."

शुक्रवारी आम्ही शाळेच्या फाटकाशी उभे राहिलो. सरकारी गाडी आली. डॉक्टरबाई उतरल्या, नर्स उतरली. भिंतीवर लावायचा अक्षरांचा तक्ता गुंडाळून नर्सच्या काखेत होता. डॉक्टरबाईंनी आम्हाला विचारले, "लेकरं कुठं आहेत?" आम्ही घोषणा दिल्या. पटावर एकशे चौतीस मुले होती, आली सात. पथकाने सात मुले तपासली आणि गाडी पुढच्या गावाला गेली. त्या सातांतल्या दोघांना भंडाऱ्याला जाण्याची चिठ्ठी मिळाली. एक काकांची नात होती, कानासाठी. काकांनी तिला आमच्यामधून हाताला धरून आत नेले होते. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली होती.

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: "शाळा बंद. १३४ पैकी १२७ गैरहजर. यशस्वी. मुलीचे डोके दु. ४ ते ६."

टॉवर बंद झाला नाही. मात्र फी भरून अर्ज केला की सरकारी माणसे येऊन टॉवरच्या लहरी मोजून देतात, असे कळले. तो अर्जही मीच केला. डिसेंबरात दोन इंजिनीअर आले. आमच्या ओट्यावर, पुढच्या खोलीत आणि शाळेच्या आवारात तिपाई मांडून त्यांनी मोजले. आकडे ठरलेल्या मर्यादेच्या आत होते, आणि बरेच आत. मी एकाला म्हटले, माझ्या फोनची चकती काढून मोजा आणि लावून मोजा. त्याने तीनदा काढून आणि तीनदा लावून मोजले. फरक नाही.

"अहो, पण त्या माणसानं दाखवलं होतं. चकती लावली अन् आकडा उतरला."

इंजिनीअर म्हणाला, "फोन जोडताना जोर लावतो. जोडला गेला की जोर कमी करतो. त्यानं पहिला आकडा जोडताना घेतला असेल आणि दुसरा जोडल्यावर. चकतीच्या जागी बिस्कीट लावलं असतं तरी उतरला असता."

ओल्या पोत्यातला एक नमुना आणि सुक्या पोत्यातला एक नमुना घेऊन, पंख्याने धान वाळले असे सांगण्यासारखे हे होते. केंद्रावर असे करणाऱ्याला मी काट्याजवळ उभे राहू दिले नसते. पण मी त्या इंजिनीअरला काय म्हणालो? "तुम्ही कंपनीचीच माणसं." खोट्या यंत्रावर मी टाळ्या वाजवल्या होत्या आणि खऱ्या यंत्राला खोटे म्हटले. चकत्या काढल्या, पण खिडकीवरचा पत्रा काढला नाही. चकती खोटी निघाली, तर धोका जास्तच असेल, असा मी अर्थ लावला. भीती आपला पुरावा कुठूनही काढते.

फेब्रुवारीत एका रविवारी मुलीला मी केंद्रावर घेऊन गेलो. घरी बायको नव्हती. धानाची पोती शिवायचे काम चालू होते. एक म्हातारा हमाल दाभणात, म्हणजे आमच्याकडच्या सुजात, सुतळी ओवत होता. मुलगी म्हणाली, मी ओवते. दाभणाचे नाक केवढे असते. त्यातून गहू पार होईल. ती ओवू लागली आणि सुतळी बाजूने जाऊ लागली.

"एक डोळा मीट, बाई," हमाल म्हणाला. "दोन डोळ्यानं दोन नाकं दिसते."

तिने उजवा डोळा मिटला आणि दाभण डोळ्याजवळ नेले.

"आजोबा, याच्यात धूर आहे."

"कायच्यात? सुजात?"

"डोळ्यात. या डोळ्यात धूरच असते."

"मंग दुसऱ्यानं पाह्य न, येडी. धुराच्या डोळ्यानं कोण ओवते?"

तिने डावा मिटून उजव्याने पाहिले आणि एका झटक्यात ओवले. हमाल हसला. मी आर्द्रता मापक खाली ठेवले. पोत्यावर केंद्राचा छाप असतो, तळहाताएवढी अक्षरे. मी तिचा उजवा डोळा माझ्या हाताने झाकला आणि विचारले, वाच. नाही. दोन पावले पुढे नेले. नाही. आणखी दोन. छापापासून तिच्या तीन पावलांवर पहिले अक्षर लागले.

"कधीपासून धूर आहे?"

"नेहमीच असते. सगळ्याईलेच नसते का एका डोळ्यात?"

भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तासभर तपासले. मग मला समजावले. डाव्या डोळ्याचा नंबर जन्मापासून जास्त असावा. उजव्याने चांगले दिसते, म्हणून मेंदूने डाव्याचे ऐकणे सोडून दिले. त्यात कमी उजेडात वाचन, त्याने डोक्यावर ताण. चष्मा लागेल, आणि चांगला डोळा रोज दोन तास पट्टीने झाकून कमजोर डोळ्याला कामाला लावावे लागेल. हा उपचार जितका लहानपणी सुरू होईल तितका चांगला.

"टावरमुळे झालं का?" मी विचारले.

"नाही."

"आठ महिने आधी आणली असती तर किती फरक पडला असता?"

"तसा आकडा सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि वर न बघता लिहिता लिहिता विचारले, "शाळेत तपासणी झाली नाही का? पथक दरवर्षी जातं."

बायकोने माझ्याकडे पाहिले. शुक्रवार कुणी सुचवला ते तिला माहीत होते. घरी आल्यावर मी पकड घेऊन पत्र्याचे चौदा खिळे उपटले. ती दारात उभी होती.

"खाट उचला आता," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांपुढे वही ठेवून विचारले, "त्या माणसाला तुम्ही काहून बोलावलं होतं? त्याचं यंत्र कुणी तपासलं होतं?"

ते म्हणाले, "पालक घाबरून राहिले होते, भाऊ. म्हटलं माहिती होईन. त्यानं शाळेले वॉटर फिल्टर देतो म्हटलं होतं."

"दिला?"

"नाई." मग म्हणाले, "अन् पथकाच्या दिवशी मी तुम्हाला हात जोडले होते फाटकात. तुम्ही म्हटलं, सर, मधात येऊ नका."

म्हटले होते. तरी मी आवाज चढवला. राग खरा असला म्हणजे योग्य माणसावरच निघतो असे नाही.

चकतीवाल्याचा नंबर मी तेरा वेळा लावला. चौदाव्या वेळी कुणी बाईने उचलला, म्हणाली, तो आता दुसरे काम करतो, पोटातल्या जंतांचे पट्टे विकतो, हाताला बांधायचे. मी तिला सांगितले की त्याला सांगा, पट्टा कुणाच्या लेकराच्या हाताला बांधायच्या आधी आमच्या गावाला येऊन माझ्या मुलीच्या चष्म्याची डावी काच बघून जा. तिने फोन ठेवला. सरपंचांना, पंचायत समितीला आणि शिक्षण विभागाला मी लेखी दिले, की शाळेच्या सभेत यंत्र घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे यंत्र आधी जाणत्याकडून तपासावे, आणि आरोग्य पथकाचा दिवस कोणत्याही कारणाने बुडू देऊ नये. पोच आली. उत्तर नाही. दर तीन महिन्यांनी मी तेच पत्र पुन्हा देतो.

राहिले काका. त्यांच्या परसाच्या भिंतीवर टॉवरची सूचनापाटी आहे, वर मोठ्या अक्षरांत "धोका" आणि खाली लहान होत गेलेल्या चार ओळी. डॉक्टरांनी सांगितले होते की पट्टी लावून मुलीला दूरचे वाचायला लावा. आमच्या गल्लीत दुरून वाचण्याजोगे तेवढेच होते. पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभा राहून म्हटले, "काका, पोरीले पाटी वाचायची आहे."

त्यांनी मला आत बोलावले नाही. मुलीला म्हणाले, "ये बाई." आणि घरातून ओले फडके आणून पाटीवरची धूळ पुसून दिली. फाटकावर पळसाची फांदी नव्हती. केव्हा काढली, मी विचारले नाही. अजून विचारलेले नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती उजव्या डोळ्यावर पट्टी लावून पाटीजवळ उभी राहते आणि तिसरी ओळ वाचत एकेक पाऊल मागे सरकते. अक्षरे धुरात गेली की थांबते. मी पावले मोजतो. पहिल्या दिवशी दोन झाली होती. डोकेदुखीच्या नोंदी चष्म्यानंतरच्या पहिल्या महिन्यात चार, दुसऱ्यात एक, नंतर नाहीत. पावले वाढत गेली: पाच, नऊ, चौदा. गेल्या दिवाळीत एकोणीस झाली. उजव्या डोळ्याने ती एकेचाळीसवरून वाचते. डॉक्टर म्हणाले, अजून पाहू, पण इथपर्यंतच येईल असेही असू शकते.

काल संध्याकाळीही एकोणीसच. काका भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते.

"अवो बाई, एखांदं पाऊल जास्त सांगून दे. बापाचं तोंड पाह्य कसं झालं."

"खोटं कायले सांगू, काका?" ती पट्टी सोडत म्हणाली. "ते मोजून राहिले न."

मी वहीत एकोणीस लिहिले. सलग चौथा महिना.